संडास कोणी धुतला

ता. ८ सप्टेंबर २००२

धनराज,
तुया त्या तेजाबाच्या बाटल्या पहिले घेऊन जा, मंग बाकीचं बोलू. चार उरल्या. ना कागद ना नाव, दारूच्या जुन्या बाटल्यात भरलेलं पिवळं पाणी. माजरीत तुया क्वार्टरकडे सायकलवाला विकते, तू घेते, अन् इथी आणून म्हणते, "माय, घासाचं कामच नाई." न घासता जे मळ खाते ते दुसरं काय काय खाते, इचारलं होतं त्याले?

आता आशीर्वाद. सारे खुशाल आहो असं लिहाची रीत आहे. नाई आहो खुशाल.

तुयी पोर रंजीता जरा पळाली का तिच्या छातीत शिट्टी वाजते. तालुक्याच्या डॉक्टरनं धुरात बसवू नका म्हटलं, म्हणून चूल मागच्या पडवीत नेली. पोर रोज इचारते, "आजी, माय कवा येते?" मी म्हणतो, तुया बापाले इचार.

संडासाचं पाणी मागच्या बोडीत जाते. संडास धुतला त्या दिवशी वालाचा वेल जळला, बोडीतल्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. शेजारची इतवारी दारात येऊन भांडली, "बोडी का तुमच्या बापाची हाये?" मी म्हटलं, "माया बापाची असती त तुले शेपूटही नसतं भेटलं." गेली बडबडत. पण खोटं नव्हती बोलत.

तू आला अन् वरडला, "संडास कोणी धुतला?" बायकोचे भाजलेले पाय पाह्यले अन् जबाब तूच देऊन टाकला. "पोरीले मारून टाकत होती," म्हणे. तशा पायानं सुकरीले मोटारीत बसवून माहेरी धाडलं. तिनं जाता जाता मायाकडं पाह्यलं. मी तांदूळ निवडत होतो. निवडतच राह्यलो.

संडास मी धुतला, धनराज.

विहिरीत टाकाले पंचायतीनं देल्लं ब्लीचिंग पावडर डब्यात उरलं होतं. शेणात माती मिळवली का सारवण पक्कं बसते, तसं हे दोन मिळवले त दुप्पट साफ होईन, असं वाटलं. पावडर टाकलं, वरून तुयी बाटली ओतली. फसफसलं. असा धूर उठला का डोळे उघडत ना श्वास घेववे. बाटली हातून पडून फुटली. मी तोंडाले पदर लावून बाहेर पळालो.

रंजीता मले पाणी द्याले लोटा घेऊन आतच उभी होती. मले दिसली होती ती. तरी पळालो.

सुकरी वावरातून येत होती. खोकला आयकला अन् अनवाणीच आत घुसली. सांडलेल्या तेजाबातून पोर उचलून आणली. डॉक्टर म्हणे, हे दोन कधीच एका जागी करू नका, त्याचा वायू माणूस मारते. अजून थोडा उशीर झाला असता त पोर हाती नसती लागली. हे त्यानं मले सांगितलं. मी तुले नाई सांगितलं.

सुकरीनं माया नावाचा उच्चार काऊन नाई केला, मले ठाव नाई. मी काई तिच्याशी इतकं बरं वागलो नाई.

दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईले हे लिहाले तीन दिवस लागले, तवा नीट वाच. सुट्टीच्या दिवशी सिंदेवाहीची मोटार धर. तिच्या माहेरी, तिच्या भावासमोर, हे पत्र मोठ्यानं वाच. एक ओळ गिळू नको. तुयी माफी तू माग. मायी मी माया तोंडानं मागीन. घरी परत याचं का नाई, ते ती ठरवन. तिले ओढून आणशीन त दारातून परत पाठवीन, तुले.

जबाब तू लिहू नको. तुयं अक्षर दिसलं त न वाचता फाडीन. सुकरीले लिहाले येत नाई, त तिनं भाचीच्या हातून लिहवून घ्यावं, पण बोल तिचे पाह्यजेत. शिव्या असल्या त शिव्या. जबाब लिहीन त सुकरीच.

तुयी माय,
शकुबाई