मधल्या दगडाची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळंबच्या रिसॉर्टवर रुजू झालो. मोहोपाड्याहून एसटीने कर्जत, पुढे टमटम. मांडीवर पाणी तपासायच्या बाटल्यांची पेटी; ती मी टपावर ठेवू दिली नाही. खोली ऐसपैस आहे, खिडकीबाहेर भाताची कापलेली खाचरं, चहाही बरा. आणि हॉलमधली टाकी! सात फुटी, खाऱ्या पाण्याची, आत पोवळी, दोन नारिंगी क्लाऊनफिश आणि हातभर रुबाबात फिरणारा पिवळा टँग मासा. बघत उभाच राहिलो.

माझी नोकरी होती ती कंपनी बंद पडल्यावर कॉलनीतले लोक विचारायचे, नवनाथ, मासे बघून पोट भरतं का? आता विचारा म्हणावं. हे सगळं मी स्वतः शिकलोय, कुठल्याही कोर्सशिवाय.

मालकीण नम्रता मॅडम मुंबईला असतात. फोनवर काम सांगितलं: आतले दगड बदलायचे. त्यांच्यावर काचेसारखे पारदर्शक, फुलांसारखे दिसणारे चिवट जीव माजलेत, ते पोवळ्यांना डंख मारतात. चौदा तारखेला पाहुणे आहेत. तेव्हा मासे मेलेले दिसले तर टाकी काढून तिथे टीव्ही लावणार, असंही म्हणाल्या. मी शब्द दिला, एकही मासा मरणार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

याला जिवंत दगड म्हणतात. दगड जिवंत नसतो. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू असतात, ते माशांची घाण पचवतात. सगळे दगड एकदम काढले तर घाणीचा अमोनिया होतो आणि मासे गुदमरतात. म्हणून थोडे थोडे बदलायचे. नवे दगड दुकानदाराकडून महिनाभर खाऱ्या पाण्यात मुरवून आलेत, ते मागे निळ्या पिंपात ठेवलेत.

हे सगळं मॅनेजर रूपेशला नीट समजावलं. तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, काका, बाथरूमच्या टाइल्स बदलतात तसंच ना?

झाडलोट करणाऱ्या भागूबाईने माझं नाव दगडवाले भाऊ ठेवलंय. दगड धुवायला पगारी माणूस, असं म्हणून ती पोट धरून हसली. वर आमंत्रण, "आमच्या बांधावर बी लय दगडं हायत, या एकदा धुवाया."

८ फेब्रुवारी, रविवार

डोकं फिरलंय. काल उजवीकडचे जुने दगड काढून नवे रचले, माझ्या पद्धतीने, प्रत्येकामधून पाणी खेळेल असे. तरी आज अमोनिया चढला. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. बाटली धुऊन पुन्हा तपासलं, तेच.

कारण दुपारी कळलं. पिंपाला वास येतो अशी पाहुण्यांची तक्रार होती, म्हणून रूपेशने शुक्रवारी, मी कर्जतला गेलो असताना, माझे दगड बोअरच्या पाण्याने घासून उन्हात वाळवले आणि गुपचूप परत पिंपात टाकले! महिनाभर मुरवलेलं सगळं मेलं. म्हणे, स्वच्छच केले ना काका. काढलेले जुने दगड त्याने रस्त्याच्या खड्ड्यात टाकलेत. नवे आठवडाभर तरी मिळणार नाहीत. आता माझा शब्द टाकीत उरलेल्या जुन्या ढिगावर उभा आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी टँग तळाला आडवा पडला होता. पाणी बदलताना मधला, सगळ्यात खालचा दगड भुसभुशीत होऊन फुटला. वरचा ढीग काचेकडे कलला. मी डावा हात खांद्यापर्यंत त्या पोकळीत घातला.

कडावला आमच्या गावी खाचराचा बांध फुटला की माती-दगड येईपर्यंत घरातलं कोणीतरी भगदाडात बसतं. बाप मलाच बसवायचा. विचार करण्याआधी हात गेला तो त्या सवयीने.

थोड्या वेळात टँग उठला. पोहायला लागला. उजव्या हाताने पाणी तपासलं तर अमोनिया शून्य. हात काढून पाईपचा टेकू दिला. जेवून येईतो अमोनिया पुन्हा वर, टँग पुन्हा आडवा. हात घातला, शून्य.

असं होत नाही. कुठल्याच हिशेबात बसत नाही. नुसता चरफडतोय.

११ फेब्रुवारी, बुधवार

स्टूल मागवून टाकीजवळ बसलोय. हात दुखत नाही. नखांवर जांभळी खपली आलीय, जुन्या दगडांवर असते तशी. खरवडून निघत नाही. कातडीची छिद्रं टोचणीच्या भोकांएवढी झालीत. सुई टोचली — रक्त नाही. बारीक बुडबुडे आले.

क्लाऊनफिशची जोडी तळहातात येऊन बसते.

रूपेशने विचारलं, काका, आत काही पडलंय का?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भागूबाई सकाळी हसली, "नवनाथभाऊ, हात काय नांदाया धाडलाय?" मग कोपराला हात लावला आणि हसायची थांबली. गार हाय, म्हणाली. दगडावानी.

तिने दोन्ही हातांनी ओढलं. मनगट अर्धं बाहेर आलं — सगळे मासे एकदम उलटे झाले. सगळे. मी ओरडलो तिच्यावर. नको ते बोललो. हात परत घातला.

ती रडत म्हणाली, "माशांची काळजी, सोताची नाय व्हय रं?"

तिला कसं सांगू — मासे जगतायत. कोर्सवाल्यांनाही जमलं नसतं —

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भागूबाई आणि रूपेश डॉक्टर आणायला गेलेत. तिचा नवरा पहार घेऊन येणार, काच फोडायला. पहार! पोवळ्यांजवळ!

पाणी कधी नव्हे इतकं नितळ. जांभळं खांद्यापर्यंत आलंय. बोटं हलवायला गेलो तर — कुठली बोटं. ढीग कुठे संपतो ते —

उजवी बाजू खचतेय. घासलेले मेलेले दगड. टँग तिकडे आडवा.

फाटक वाजलं. गाडी.

उद्या पाहुणे. शब्द दिलाय. तिकडेही हात घालायला हवा, ते आत यायच्या आधी — एकच उरलाय आणि तो लिहि—