पेटीवाल्याच्या भरभराटीसाठी प्रार्थना

प्रति,
मा. देखरेख अधिकारी,
टेकडीवरील ऐतिहासिक बंगला कार्यालय.

विषय : ख्रिस्ती व्यावसायिक मेळाव्यातून मला वगळण्याची अट रद्द करणेबाबत.
संदर्भ : 'शवपेटीवाले वगळून परवानगी' हे आपले आमच्या मंडळास आलेले पत्र.

महोदय,

१. मी शवपेट्या बनवतो. दरवर्षी आपल्या बंगल्यात भरणाऱ्या आमच्या मेळाव्याची रीत अशी, की जेवणाआधी प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या माणसाच्या धंद्याच्या भरभराटीसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. गेल्या वर्षी माझ्या डावीकडे औषध दुकानाच्या मालकीणबाई होत्या. त्यांनी डोळे मिटले, "हे प्रभू, या भावाच्या धंद्याला..." म्हणाल्या आणि गप्प झाल्या. पुढे मागणार काय? समोरून बेकरीवाला पुटपुटला, "बाई, जपून. आपण सगळेच त्याचं गिऱ्हाईक आहोत." तेव्हा बाईंनी वाक्य पुरे केले, "याच्या पेट्या मजबूत होवोत, पण गिऱ्हाइकं सावकाश येवोत." आमेन राहिलेच. आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा टेबलावर डोके टेकून हसले.

२. त्या हसण्याने भिंतीवरची पुरातन बशी पडली, असे आपण लिहिता. साहेब, खिळा गंजला होता. सोबत जोडला आहे, स्वतः पाहा. बशी मी माझ्याच सरसाने सांधून दिली. त्या सरसाने जोडलेली एकही पेटी परत आल्याची तक्रार आजवर नाही.

३. आपण माझा व्यवसाय अशुभ म्हणता. बंगल्याच्या ज्या इंग्रज मालकांच्या तसबिरी आपण रोज पुसून घेता, त्यांच्यापैकी पेटीवाचून कोण गेले, तेवढे लेखी कळवावे.

४. मंडळातले म्हणतात, "काका, तुम्ही नाही तर आम्हीही नाही." त्यांची कृपा. पण मला यायचे आहे. वर्षभर लोक मला पाहून रस्ता बदलतात. माझ्याजवळ माणसे स्वस्थ असतात ती फक्त आडवी. बसलेले, हसणारे शेजारी मला त्या एका टेबलावर मिळतात. ते मी आपल्या पत्रापायी सोडणार नाही.

तरी अट रद्द करावी. औषधवाल्या बाई म्हणतात, "एकदा निभावलं, पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही." म्हणून माझ्या डावीकडची खुर्ची मंडळाने आपल्यासाठी राखली आहे. प्रार्थनेत काय मागायचे, ते आपणच ठरवावे.

आपण मेळाव्यास वेळेवर आणि माझ्या दुकानी सावकाश यावे, असे इच्छिणारा,

आपला नम्र,
पेटीवाला
दिनांक : ९ सप्टेंबर

सोबत : गंजका खिळा, एक.