प्रार्थनेत हललेल्या फोडी

भोर, ता. २८ डिसेंबर १९३४

प्रिय आनंदराव यांस प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचा गुडघा निदान प्रार्थनेपुरता तरी वाकत असेल अशी आशा करतो. तुमची बहीण सगुणा ठणठणीत आहे. माझी चौकशी कोणी करत नाही, म्हणून मीच कळवतो की बरा आहे.

तुम्ही पाळक, म्हणून विचारतो. बाप्तिस्मा घेऊन मला वीस वर्षं झाली. प्रभूने माझी पापं घेतली, दुधी भोपळा मात्र माझ्याकडेच ठेवला. (जुने शेजारी म्हणतात, नरहरपंतांनी देव बदलला, वरणभात नाही बदलला.) आजवर याचं कोणाला काही नव्हतं. पण आमच्या शुभदाला विंझरच्या सोनबांच्या मुलाचं स्थळ आलं, पोरीच्या मनातही भरलं, आणि तिकडून कानावर आलं की, "भोरचा बामन किरिस्ताव झाला खरा, पर मटान खात न्हाई. म्हंजी मन आजून तिकडंच." वर नाताळच्या जेवणाचं आमंत्रण. म्हणजे सोयरीक माझ्या घशातून जायची होती.

पंगतीत मला बसवलं ते थेट सोनबांच्या शेजारी. पत्रावळीवर मटणाच्या सहा फोडी, सहाही माझ्याकडे बघत होत्या. इतक्यात तिथले उपदेशक प्रार्थनेला उभे राहिले आणि पन्नास जणांनी डोळे मिटले. ते भाताच्या पिकावरून लंगड्या बैलाकडे वळेपर्यंत मी चार फोडी सोनबांच्या पानात सरकवल्या. (शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञाच आहे.) 'आमेन' झाल्यावर पाहतो तो माझ्या पानात सात. पाच भाकरींचा चमत्कार मी ऐकून होतो, फोडींचा पहिल्यांदाच पाहिला.

मी घाईघाईने म्हणालो, लेकरांसाठी आणखी एक प्रार्थना व्हावी. उपदेशक खूश. या खेपेला एक डोळा उघडा ठेवला. सोनबांचाही एकच उघडा होता, आणि हात माझ्या पानात.

"पाव्हनं, तुमी बी?" ते पुटपुटले. "म्या तुळशीची माळ काढली, पर नरडं आजून माळकरीच हाय. म्हनलं, शिकल्याला मानूस, आमाला कच्चा किरिस्ताव म्हनंल, पोराचं लगीन मोडंल."

लग्न फेब्रुवारीत. ते तुम्हीच लावायला यावं.

आपला,
नरहर

ता. क. खरी गोष्ट अशी, की लग्नात दोन बोकड आहेत आणि आम्हा व्याह्यांना आता कबूल व्हायची लाज वाटते. तरी पंगतीत तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये बसावं आणि प्रार्थना लांबवावी. पानात काही वाढलेलं दिसल्यास देवाचे आभार मानावेत.

ता. क. २. सगुणेने पत्र वाचलं आणि ती हसून हसून खाली बसली. म्हणते, तिनं विंझरलाच आमचं बिंग ओळखलं होतं, कारण लहानपणी प्रार्थना चालू असताना दादाच्या, म्हणजे तुमच्याच, फोडी तिच्या पानात यायच्या. तेव्हा आता आपण तिघांनी तिच्या आणि ठकुबाई विहीणबाईंच्या मध्ये बसायचं ठरलं आहे; दोघी मटण आवडीने खातात. प्रार्थना मात्र लांबवा.