हवा वजा करताना

आई, चार दिवसांची सुट्टी काढून सक्करदऱ्याच्या घरी आलेय आणि सकाळपासून गच्चीवरच बसलेय. उन्हाळा लागला की तू इथे बाबांचं जुनं पांढरं धोतर अंथरून कुरडया घालायचीस. मी सोऱ्या दाबायची, तू वेटोळी नीट करायचीस. दुपारी येऊन पाहावं तर धोतरभर हवेतून येऊन बसलेली बारीक काळी भुकटी, आणि तू माझ्यावरच करवादायचीस, "काहून वं, पुस्तकात डोकं घालून बसून राहिली? झाकता नाही आलं?" जणू ती काजळी मीच आणून टाकली होती. मग तू फुंकर मारायला वाकायचीस आणि खोकल्याची उबळ यायची. दमा तुला, आणि तुझी काळजी कुरडयांची.

पुढे मी उपग्रहावर बसवायची यंत्रं आखायला लागले. किनाऱ्याच्या पाण्यावरून वर येणारा प्रकाश वेगवेगळ्या रंगांत फोडायचा आणि पाणी गढूळ आहे की शेवाळलेलं, ते ओळखायचं. तुला समजावताना म्हणाले होते, त्या प्रकाशात बराचसा वाटा मधल्या हवेचाच असतो, तो आम्ही वजा करतो, मग पाणी दिसतं. तू कुरडई तळत होतीस. झारा तसाच धरून हसलीस. "म्हंजे मी जे छातीत घेऊन राहिली, ते तुमी फेकून देता?" मीही हसले. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात तुला उशीला टेकून श्वास ओढताना पाहिलं, तेव्हापासून ते हसणं मला सलतं.

नव्या यंत्रात पाणी आणि हवेतली घाण, दोन्ही मोजायचं आहे. मध्यंतरी वजन जास्त भरलं आणि हवा मोजणारा भागच गाळायचं ठरत आलं. मी हट्टालाच पेटले. आरशांची मांडणी बदलली, चौकट कोरून हलकी केली, सगळ्यांचं डोकं खाल्लं. तो भाग राहिला. कशासाठी एवढी भांडले, ते तिथे कोणाला सांगितलं नाही.

त्या यंत्राला ही गच्ची दिसणार नाही, अख्खा सक्करदरा एका ठिपक्यात मावेल. आणि तू ओढलेली हवा तर आता कोणालाच मोजता येणार नाही. मला तुझी फार आठवण येतेय, आई.

मघाशी तेच धोतर काढून इथे अंथरलंय. वर कुरडया नाहीत, गव्हाचा चीक शिजवणं मला अजून जमत नाही. नुसतंच अंथरलंय आणि मुद्दाम झाकलेलं नाही. तू ओरडशील म्हणून.