सोलांची पुटं

मालवण, शुक्रवार, वैशाख वद्य प्रतिपदा, १९५६

सगळ्यांची गलबतं मुंबईहून परतली, आमचं नाही. हे त्यावरच आहेत. वारा पडला असेल? शीड फाटलं असेल? की... सकाळपासून हेच चाललंय. बेड्याच्या फाटकाशी कुणाची चाहूल लागली तरी उठून बघते.

थोरल्या जाऊबाईंबरोबर घरापुढच्या खळ्यात सोलं करायला बसले होते. रतांब्याच्या साली रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, अशी पुटांवर पुटं द्यायची. माझे हात थांबलेले पाहून त्या म्हणाल्या, "गो, पुटां सोलांक दिवची, इचाराक नाय. तोच इचार परत परत बुडयतंस, म्हणान तो काळो पडता."

हसूच आलं. खरंच की! भीती एकच, आणि मी ती दिवसभर त्याच रसात घोळवते.

भाऊजीही त्याच गलबतावर आहेत, म्हणून विचारलं, "तुमका भंय वाटणा नाय?"

"वाटता तर! सोलां करूक बसलंय काय वाटांदे म्हणतंय. मगे हात धुतंय नी उठतंय."

केवढी बाई ही! भीतीलासुद्धा वेळ नेमून दिलेली. रोज बघते ना मी, हात धुतले की सासूबाईंना पेज वाढतात, शेजारणीशी हसतात. मला का जमू नये? उद्यापासून मीही सोलांपुरतंच घाबरणार.

संध्याकाळी सोलं आवरून त्या विहिरीवर गेल्या. मी मागोमाग गेले. रतांब्याचा लाल रंग हातांवरून केव्हाच गेला होता. तरी त्या धूतच होत्या.

मी कळशी उचलली आणि त्यांच्या हातांवर पाणी घालत राहिले.