न पोचलेला अर्ज आणि पोचलेले मांजू

तीर्थरूप इसाकुमामा,

वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? मामी फोनवर म्हणाली, कुरकुर चालूच आहे. ती कंबरेची की तुमची, हे विचारायचं राहिलं. इथे ओसाकात सगळं ठीक, म्हणजे मी ठीक. कुनिहिको, तुमचे सज्जन भाचेजावई, यांच्याशी मात्र मी सध्या नुसती मान हलवून बोलते.

कारण सांगते. त्या व्हिडिओ गेममधला नुमाबो मला किती आवडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (दलदलीतलं मिशाळ, झोपाळू पाणमांजर. नववर्षाला तुम्ही त्याला उंदीर म्हणालात, ते मी विसरलेले नाही.) मी त्याचं चित्र काढून त्याला कॉम्प्युटरवर आणला. तो स्क्रीनवर हिंडतो, फाइलींवर बसतो आणि माउसचा बाण पोटाला लागला की शिंकतो. आमच्या नुमाबो-चाहत्यांच्या मंडळातल्या सगळ्याजणींनी आपापला नुमाबो केलाय. शरदातल्या मेळाव्यात आम्ही ते चाहत्यांना देतो. नुमाबो अर्थात गेम काढणाऱ्या कंपनीचा, कॉपीराइटसकट. कंपनीची माणसंही मेळाव्यात येतात, पण आमच्या टेबलांसमोरून छताकडे बघत जातात आणि आम्ही जमिनीकडे बघतो. इतकी वर्षं हे सुरळीत चाललंय, कारण कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारलं, तर त्यांना नाही म्हणावंच लागेल.

आणि यांनी विचारलं! रीतसर अर्ज, वर मांजूंचा खोका (लाल घेवड्याचं पुरण भरलेले गोड बन, आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले), असं सगळं घेऊन स्वतः कंपनीच्या दारात गेले. घरी येऊन म्हणतात, "आता तू निर्धास्त झोप." मंडळाची प्रमुख नागिसा फोनवर किंचाळली, "अगं, तुझा नवरा माणूस आहे की नोटीस? आता आपल्या सगळ्यांचीच टेबलं उठणार!" मामा, मी खरंच रडले. ऑफिसात माझं नाव कुणाला आठवत नाही. वर्षातून एकदा लोक 'शिंकणाऱ्या नुमाबोची बाई कुठे बसते?' असं विचारत येतात, तेवढंच माझं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी कंपनीतून फोन आला. एक मऊ आवाजाचे गृहस्थ म्हणाले, "आपला अर्ज आमच्यापर्यंत पोचलेला नाही."

"अहो, मी तुमच्याच हातात दिला होता!" हे म्हणाले.

"नाही हो, पोचलाच नाही. पोचला असता तर नकार द्यावा लागला असता. मांजू मात्र फार छान होते."

यावर माझा नवरा काय म्हणाला असेल? "मग दुसरा अर्ज पाठवू का?" मी फोन हिसकावून घेतला.

तर असं सगळं निभावलं. मामीला नमस्कार सांगा, कंबर शेकत राहा.

तुमची,
चिझुरू

ता. क. तरीही खबरदारी म्हणून, मूळ नुमाबोसारखा दिसू नये म्हणून, मी माझ्या नुमाबोत रातोरात थोडे बदल केले होते. मिशा काढल्या, टक्कल दिलं, भुवया जाड केल्या आणि जेवल्यावर पट्टा सैल करून घोरायला लावलं. ते बघून हे म्हणाले, "अरे, हे तर इसाकुमामा!" (मामीलाही पाठवला. ती म्हणाली, घोरणं कमी पडतंय.) मेळाव्यात तुम्ही दुपारच्या आतच संपलात. आता अर्ध्या ओसाकात फाइलींवर बसून तुम्ही शिंकताय. चेहरा तुमचा आहे, हे मी जाणून आहे. पण परवानगी मागत नाही. मागितली तर तुम्हाला नाही म्हणावं लागेल.

आणखी ता. क. सोबत मांजूंचा खोका आहे. हे पत्र तुम्हाला पोचलेलं नाही. मांजू कसे होते, तेवढं कळवा.