किल्ली कशाची ते विचारू नये

मी खाली सही करणारा स्वरूप आत्माराम कळंबटे, वाडीत बाबल्या म्हणतात तो, वय सव्वीस, शिक्षण आठवी नापास, मूळ राहणार मधलीवाडी, हातखंब्याजवळ, तालुका व जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम पोर्ट सुदान, डिंकाच्या गोदामात मशीन दुरुस्तीला, हे माझ्याच अकलेने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. दारू इथे मिळत नाही, तेव्हा तोही संशय नको. कोणी दम दिलेला नाही. कायद्याची भाषा काकांच्या जमिनीच्या कागदांत वाचली तेवढीच येते. चुकली तर अर्थ धरावा.

लिहिण्याचं कारण असं, की परवा मी आणि आमच्या गोदामाचा मुकादम इद्रिस खार्टूमला जातोय. तिथे त्याचं घर आहे. या लोकांची आपसात लढाई लागली तेव्हा तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. आता लोक परत जायला लागलेत. पण घरांत न फुटलेले गोळे राहिलेत, दार ढकललं आणि उडाला, असं जाऊन आलेले सांगतात.

कलम एक. जांभ्याच्या घरातला माझा हिस्सा आईला, सदरहू तुळसा आत्माराम कळंबटे हिला. तिच्यामागे बहीण राहीला. राही लग्न करून गेली, तिचा काय हक्क, असं गंगारामकाका म्हणतील. म्हणू देत. बाबांचं तेरावं चालू असताना ते मागच्या अंगाला कुंपण सरकवत होते. अख्ख्या वाडीने बघितलंय, बोललं कोणी नाही.

कलम दोन. बँकेत असेल ते आईचं. त्यातून आधी पाण्याची टाकी बसवावी. घराला रंग देऊ नये, रंग बघायला येणाऱ्यांची मला गरज नाही.

कलम तीन. इथे माझ्याबरोबर कामाला असलेला अनिल पाष्टे सुट्टीवर घरी येतोय, त्याच्याबरोबर डिंकाची पिशवी देतोय. राहीच्या बाळंतपणाला लाडू करावेत. डिंक चांगला आहे, मी स्वतः निवडलाय. लढाईच्या मुलखातला डिंक म्हणून पिशवी वाडीभर फिरवू नये. खावा.

कलम चार. पाने, पकडी, गवत कापायचं मशीन राहीच्या नवऱ्याला. ग्राइंडर यात धरू नये, तो मी बरोबर नेतोय.

कलम पाच. चुलतभाऊ सुहास गंगाराम कळंबटे यास माझ्या मालमत्तेतलं काहीही नाही. हे रागाने लिहिलेलं नाही. राग निवला, आता किळस आहे.

सुहासचं मोबाईलवर चॅनेल आहे. हातखंब्याच्या टपरीवर बसून तो तमाम जगाची माहिती देतो. मी इथे आल्यापासून त्याला सुदान सापडलं. मी फोन केला की, "बाबल्या, कोणालाच म्हाईत नाय असं कायतरी सांग." माणसं किती मेली हे त्याने कधी विचारलं नाही. ते म्हणे पेपरात येतं. थंड पेयांत इथला डिंक असतो एवढं मी बोललो, तर हातात थंडाची बाटली घेऊन, तोंडाने घोट घेत, "तुम्ही युद्ध पिताय!" असा व्हिडिओ. पिऊन ढेकर दिला तोही तसाच ठेवला.

मग किल्ली. इद्रिसच्या गळ्यात सुतळीला एक किल्ली असते. आपल्याकडे मुंबईला जाणारा किल्ली शेजारी देऊन जातो. आमच्या यमुनाबाईकडे तर अर्ध्या वाडीच्या किल्ल्या खिळ्याला असतात. म्हणून मी आईला सहज सांगितलं, इथल्या मुकादमाला किल्ली द्यायला शेजारी उरला नाही, तर तो गळ्यात घालतो. आईने फोन स्पीकरवर ठेवलेला. सुहास पडवीत बसलेला.

"गृहयुद्धातल्या पाच अज्ञात गोष्टी." पाचवी इद्रिस. पाठीमागे बासरी. खाली लोकांनी लिहिलं, भारी, अंगावर काटा आला, अजून टाका. आईचा फोन, "बाबल्या, त्या किल्लीवाल्याला इचार ना रं, आंघोळीला काडून ठेवतो काय? हितं बायका इचारतायत." माझी आई पण!

ही अज्ञात गोष्ट म्हणजे सोललेली कोलंबी. डोकं काढलेलं, पाय काढलेले, धुतलेली. वास येत नाही, हाताला काही लागत नाही, तोंडात टाकायची आणि दुसरी मागायची. मढी नुसती दाखवली तर लोक तोंड फिरवतात. मढ्याच्या गळ्यातली किल्ली दाखवली तर जवळ येऊन बघतात.

इद्रिसने तो व्हिडिओ माझ्या फोनवर बघितला. मराठी कळलं नाही. बासरी संपेपर्यंत थांबला आणि विचारलं, "हे वाजवणारा कोण?" मग स्वतःहून सांगितलं. निघताना त्याने कुलूप बाहेरून लावलं होतं. घर रिकामं वाटलं तर शिपाई आत शिरणार नाहीत, म्हणून. पाण्याची सोय करून लगेच येतो म्हणाला होता. रस्ता बंद झाला.

रिकामं वाटावं म्हणून लावलं, एवढंच मी लिहितो. आत कोण होतं ते लिहू नको म्हणाला.

कुलूप गंजलं असेल. दुसऱ्या कोणाला तो ते कापू देणार नाही. म्हणून मी आणि ग्राइंडर.

कलम सहा. मी मेलो तर सुहासने माझ्यावर काही करू नये. मी सहावी गोष्ट नाही. केलंच, तर त्याच्या पडवीचं पाणी माझ्या हिश्श्यातून वाहतं ते आईने बंद करावं. बासरी लावली तर आमच्या मीटरवरून घेतलेली वीजही.

कलम सात. आमच्या घराला बाहेरून कुलूप लावू नये. आई राहीकडे गेली तरी यमुनाबाईने दार लोटून घ्यावं, बस. शिमग्याला पालखी येईल तेव्हा ती उघड्या दारात नाचवावी. मानकरी गाऱ्हाणं घालतील त्यात माझं नाव घ्यावं, या देशाचं घेऊ नये. आणि परमुलखात ज्यांच्या दाराला कुलूप राहिलं त्यांची राखण कर, असं म्हणावं. कोणाच्या, ते देवाला कळेल. त्यावर सुहासनेही "व्हय म्हाराजा" म्हणावं, फोन खिशात ठेवून.

मी परत आलो तर हा कागद चुलीत घालावा. आणि तिथलं दार उघडल्यावर काय दिसलं ते मला आईनेही विचारू नये. चहा द्यावा.

वरील मजकूर मी वाचून बघितला, माझाच आहे.

सही: स्वरूप आत्माराम कळंबटे
मुक्काम पोर्ट सुदान, १२ सप्टेंबर २०२५

साक्षीदार १: अनिल रामा पाष्टे, गुहागर. सही समोर केली.

साक्षीदार २: इद्रिस, मुकादम. सही अरबीत आहे. वाकून सही करताना गळ्यातली किल्ली कागदाला लागली. उजव्या कोपऱ्यात तांबूस डाग आहे तो गंजाचा. त्याचा फोटो काढू नये.